पेठेची टीम

सकाळी नऊला आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी वांगी चिरत होतो. १४ जानेवारी २०२४, रविवार, भोगी. कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसात झालेले, तिच्याकडची भोगी दुपारीच जेवून झाली होती. इकडं मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये पारा उणे दहाच्या आसपास, आणि ओट्यावर फ्रोझन पावट्याचं नि ओल्या हरभऱ्याचं पाकीट वितळायला ठेवलेलं. बोरं मिळाली नव्हती, ऊस मिळाला नव्हता. राळ्याचा भात तर मी इथं आल्यापासून खाल्लेला नाही.

आईनं आधी फोनमधूनच पातेल्यात डोकावून घेतलं, तिळाचं कूट सढळ हातानं घाल म्हणून बजावलं, मग तिची नजर माझ्या अंगावरच्या निळ्या जर्सीवर गेली.

"सणासुदीचं हे काय घातलंयस?"

"आज मॅच आहे, आई. रात्री आठला. लायन्सची."

"कोण लायन्स?"

"डेट्रॉइटची टीम. फुटबॉल. बत्तीस वर्षांत बाद फेरीतली एक मॅच जिंकलेले नाहीत. आज घरच्या मैदानावर आहे."

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे कुठल्या पेठेची टीम म्हणायची ही?"

कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटणार नाही. आमच्याकडं फुटबॉलचा संघ म्हणजे तालीम. जिथं आधी कुस्तीची लाल माती होती, तिथल्याच पोरांनी पुढं फुटबॉल उचलला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ही सगळी तालमींची नावं, आणि हंगामात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस कुठल्या बाजूला बसलाय ह्यावरून त्याचा पत्ता सांगता येतो. तिथं संघ निवडायचा नसतो. जन्म ज्या गल्लीत झाला तिनं तो आधीच निवडलेला असतो. आमची तालीम कुठली हे मी इथं सांगणार नाही, कारण सांगितलं तर ओळखीचे लोक हसतील. माझ्या सगळ्या शाळकरी वर्षांत ती एकदाही फायनलला गेली नाही. तरी मार्चच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून आम्ही जात होतो. न जाण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आल्याचं मला आठवत नाही.

मी आईला म्हणालो, "आमच्याच पेठेची." आणि तिचं समाधान झालं.

लायन्सही मी निवडले नाहीत. निवडायचे असते तर हे निवडले असते का? पुण्या-पिंपरीकडून वाहन उद्योगातले इंजिनिअर ह्या भागात येतात, त्यांतला मी एक. ऑगस्ट २००८ मध्ये बायकोला घेऊन आलो आणि महिन्याभरात अमेरिकेतल्या बँका गडगडायला लागल्या. वर्ष फिरायच्या आत जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोघांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या धंद्याच्या भरवशावर घर सोडलं त्याचाच पाया हलत होता, आणि त्या हिवाळ्यात रोज सकाळी कामावर जाताना आज आपलं टेबल आपलंच आहे ना, हे बघत जायचो.

त्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला शेजारच्या घरातल्या गृहस्थांनी दार वाजवलं. तुम्ही दोघंच दिसता, तर जेवायला या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घरात त्यांना आबाच म्हणतात, इथं जन्मलेला माझा पोरगासुद्धा. तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते, उभा जन्म गाड्यांच्या कारखान्यात काढून नुकतेच निवृत्त झालेले. दिवाणखान्यात टीव्ही चालू होता. थँक्सगिव्हिंगला लायन्सनी घरच्या मैदानावर खेळायचं, ही १९३४ पासूनची रीत. त्या दिवशी टेनेसीनं त्यांना ४७-१० असं धुतलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. नाव फुटबॉल आणि पाय लागतो तो कधीमधी, एवढंच लक्षात आलं. पण ४७ आणि १० मधला फरक कुठल्याही खेळात कळतो. मी अवघडून बसलो, मयताला आल्यासारखा. आबा मात्र शांतपणे टर्की कापत होते. म्हणाले, "जिंकल्यावरच जेवायचं ठरवलं असतं ना, तर ह्या घरातले सगळे कधीच उपाशी मेले असते."

त्या हंगामात लायन्स सोळापैकी सोळा सामने हरले. सोळा सामन्यांचा हंगाम असा आख्खा हरण्याचा पराक्रम त्यापूर्वी कुणी केला नव्हता. डिसेंबरात मी आबांना विचारलं, मग तुम्ही बघता कशाला? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं माझं इंग्रजी चुकलं.

"मी इथं राहतो ना," ते म्हणाले.

आईनं भोगीच्या सकाळी विचारलं तेही तेच होतं, फक्त पंधरा वर्षांनी आणि कोल्हापूरहून.

आबांची गंमत अशी की त्यांनी चांगले दिवस पाहिलेत, आणि तीच त्यांची अडचण आहे. १९५७ साली ते आठ वर्षांचे. डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला प्लेऑफ होता, लायन्स २७-७ नं मागं पडले आणि तिथून ३१-२७ नं जिंकले. वडिलांनी रेडिओवर हात ठेवला होता, जणू तो ताप आलेला पोर आहे, असं आबा सांगतात. पुढच्या रविवारी डेट्रॉइटमध्ये क्लीव्हलंडचा ५९-१४ असा फडशा पाडून लायन्स अजिंक्य ठरले. त्याआधी ५२ आणि ५३ सालीही तेच अजिंक्य. "मला वाटलं, हे दरवर्षी असंच असतं," आबा म्हणतात.

त्यानंतर एकदाही नाही. पुढच्याच वर्षी लायन्सनी आपला क्वार्टरबॅक बॉबी लेन पिट्सबर्गला देऊन टाकला. जाताना तो म्हणाला, पन्नास वर्षं तुम्ही जिंकणार नाही, अशी दंतकथा आहे. त्याच्या तोंडून खरंच निघालं की नंतर कुणी घातलं, देव जाणे. आबांचा हिशेब वेगळाच. "पन्नास वर्षं २००८ ला संपली. आणि शापाची मुदत संपली त्याच वर्षी आपण सोळाच्या सोळा हरलो. म्हणजे शाप परवडला."

मधे एक बॅरी सँडर्स येऊन गेला. त्याची जुनी चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कबड्डीतला चढाईवाला आठवला, चार जणांच्या मधून अंग चोरून सुटणारा. त्यानं दहा हंगाम जीव तोडून पळून १९९९ च्या जुलैत आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स करून निवृत्ती कळवली. फॅक्स! त्याच्याच काळातला एक विजय, ५ जानेवारी १९९२ चा, डॅलसविरुद्ध, ३८-६. भोगीच्या त्या रविवारपर्यंत बाद फेरीतला तो शेवटचा विजय होता. मधल्या काळात बाद फेरीचे नऊ सामने खेळले, नऊही हरले. २००२ साली फोर्ड फील्ड हे नवं झाकलेलं स्टेडियम उभं राहिलं, पण लायन्सचा बाद फेरीचा सामना तिथं एकवीस वर्षांत झालाच नव्हता. हंगाम चालू असेपर्यंत त्या छपराखाली गर्दी, आणि जानेवारी लागला की कुलूप.

हे सगळं पोटात घेऊन माणूस त्या दिवशी सकाळी उठतो. कागदावर लायन्स ह्या खेपेला कच्चे नव्हते. बारा जिंकलेले, पाच हरलेले, तीस वर्षांनी आपल्या गटात पहिले. सट्टेवाल्यांनीही थोडं झुकतं माप दिलं होतं. पण आमच्याकडं कागद कुणी वाचत नाही. ऑफिसात शुक्रवारी सगळे निळे शर्ट घालून आले होते आणि कॉफीच्या मशीनपाशी कुणी जिंकण्याचं नाव काढत नव्हतं. बोलणं चालायचं ते एका गुडघ्याचं. सॅम लापोर्टा हा पहिल्याच वर्षीचा पोरगा, गेल्या सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, तो खेळणार की नाही? गुणवत्ता तपासणीतला एक जण, ज्याला शरीरशास्त्रातलं काही कळण्याचं कारण नाही, तो गुडघ्यातला कुठला बंध किती ताणला की किती दिवस लागतात हे हातवारे करून समजावत होता, आणि आम्ही आठ जण ऐकत होतो. आशा उघड बोलायची सोय नसली की माणसं गुडघ्याबद्दल बोलतात.

आणि समोर कोण, तर लॉस एंजेलिस रॅम्स, आणि त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड. हा आमचाच. सोळाच्या सोळा हरल्याबद्दल लायन्सना नव्या खेळाडूंतली पहिली निवड मिळाली, त्यातून २००९ साली तो आला. पहिल्याच वर्षी क्लीव्हलंडविरुद्ध खांदा निखळल्यागत लोंबत असताना डॉक्टरांच्या हातून सुटून मैदानात परत गेला आणि सामन्याच्या अखेरच्या चेंडूवर जिंकून दिलं. बारा हंगाम राहिला. बाद फेरीतला एकही सामना त्याला इथं जिंकता आला नाही. २०२१ मध्ये त्याला रॅम्सना दिलं आणि बदल्यात त्यांचा टाकून दिलेला जॅरेड गॉफ घेतला. स्टॅफर्डनं तिकडं पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. त्या रात्री इथं लोक डोळे पुसत होते, खरंच. डेट्रॉइट रॅम्स असे छापलेले टी-शर्ट विकले गेले. आता तोच बत्तीस वर्षांची गाठ अजून घट्ट करायला येणार होता.

हे मला नवं नव्हतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा, डाव्या पायाचा, चांगला खेळायचा, तो एका वर्षी दुसऱ्या तालमीत गेला. पुढच्या हंगामात आमच्याचविरुद्ध उतरला. त्याची आई मात्र आमच्याच बाजूला बसली होती, कारण राहायची ती आमच्याच गल्लीत. पोरानं गोल केला. आमच्या बाजूच्या सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या, आणि ती बाई दोन्ही हात पदराखाली घेऊन, मान खाली घालून बसली. टाळी वाजवू नये म्हणून हात धरून ठेवले होते तिनं. स्टॅफर्डबद्दल बोलताना आबांचे हात मला तसे दिसायचे.

दुपारी चारनंतर भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या दोन भाकरी आणि लोण्याची वाटी घेऊन मी आबांकडं गेलो. पोरगा बरोबर होताच, गॉफची सोळा नंबरची जर्सी घालून. तेरा वर्षांचा. त्याला सोळा पराभव ठाऊक नाहीत. डेट्रॉइट शहरानं २०१३ च्या जुलैत दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा तो तीनेक वर्षांचा. त्याला कळायला लागल्यापासून डॅन कॅम्पबेल हा आडदांड, बोलता बोलता डोळ्यांत पाणी आणणारा कोच होता, आणि संघ दरवर्षी वर वर जात होता. "आबा, आपण जिंकणारच," तो दारातूनच म्हणाला.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. दोन अनुभवी माणसं एका लहान मुलाला रस्ता ओलांडताना बघतात तसं आम्ही त्याच्याकडं बघत होतो.

"बघू," आबा म्हणाले. इंग्रजीतच म्हणाले अर्थात, पण त्या दोन शब्दांचा मराठीत एवढाच अर्थ होतो.

पंधरा वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून मी दुसरं काही ऐकलेलं नाही. 'बघू' हा शब्द माझ्या वडिलांचाही. सहलीला जायचंय, बघू. सायकल हवीय, बघू. लहानपणी मला तो नकार वाटायचा. नंतर कळलं की पैसे नसलेल्या माणसानं होकार खिशात ठेवायची ती जागा आहे. लायन्सचा माणूस म्हणजे तसाच. तो नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणायचं असतं तर १९५८ लाच म्हणाला असता.

आबांच्या तळघरात पाँटियाकच्या जुन्या सिल्व्हरडोममधली एक खुर्ची आहे. ते स्टेडियम मोडकळीला आल्यावर तिथलं सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी ती आणली. ९२ चा तो एकमेव विजय तिथलाच. प्लॅस्टिकची, उन्हानं विटलेली, बूड टेकायलाही धड नाही. तिच्यावर ते सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतच बसतात, आधी नाही. टीव्हीचा आवाज बंद आणि शेजारी रेडिओ चालू. रेडिओवरचं बोलणं चित्राच्या चार-पाच सेकंद आधी येतं. म्हणजे चेंडू टीव्हीवर अजून हवेत असतो आणि आबांना तो पडल्याचं कळलेलं असतं. मी एकदा विचारलं, त्यात काय मजा? म्हणाले, "वाईट बातमी आधी कानावर यावी. मग बघायला सोपी जाते."

भाकरी त्यांनी लोणी फासून, गुंडाळी करून खाल्ली. टीव्हीवर डॅलसचा सामना चालू होता आणि ग्रीन बे त्यांच्याच घरात त्यांना तुडवत होतं. ग्रीन बे आमचे पिढीजात वैरी, पण त्या संध्याकाळी आम्ही तिघंही त्यांच्या बाजूनं. पंधराच दिवसांपूर्वी डॅलसमध्ये लायन्सनी शेवटच्या क्षणी मिळवलेले दोन गुण पंचांनी काढून घेतले होते. कुठल्या खेळाडूनं आपण चेंडू झेलणार असल्याचं पंचांना सांगितलं नि कुठल्यानं नाही, असा तो घोळ. सामना २०-१९ नं गेला. त्याआधी २०१५ च्या जानेवारीतही तिथंच, बाद फेरीत, पंचानं लायन्सच्या बाजूनं फाउलचा पिवळा रुमाल टाकला, सगळ्यांनी पाहिला, आणि मग तो उचलून परत खिशात घातला. मला लायन्सचा इतिहास एका चित्रात काढायला सांगितलं तर मी तो खिशात जाणारा रुमाल काढीन.

म्हणून माझी आशाही तशी गरिबाघरची होती. जिंकू दे असं मी मनातसुद्धा म्हणत नव्हतो. म्हणत होतो ते असं: हरायचंच असेल तर नीट हरू दे. रुमाल नको. शेवटच्या मिनिटाचा तमाशा नको. उद्या सकाळी देशभर हसू नको. स्टॅफर्ड जिंकला तर जिंकू दे, पण त्यानं नंतर आमची कीव करू नये. आणि लापोर्टाचा गुडघा टिकू दे. अशी एकेक अट घालत गेलं की शेवटी लक्षात येतं, एवढं सगळं झालं तर आपण जिंकलेलेच असू. सरळ मागायची लाज वाटते म्हणून माणूस वळसा घालून तिथंच पोचतो.

पुढचं आता ठाऊक आहे म्हणून एक सांगून टाकतो. दोन आठवड्यांनी लायन्स सॅन फ्रान्सिस्कोशी खेळायला गेले, मध्यंतराला २४-७ नं पुढं होते, आणि ३४-३१ नं हरले. आबांच्या १९५७ च्या गोष्टीची कुणीतरी उलटी रीळ फिरवावी तसं. पुढच्या वर्षी तर पंधरा जिंकले आणि दोनच हरले. त्या जानेवारीत ऑफिसात कुणी गुडघ्याबद्दल बोललं नाही. सुपर बोलच्या विमानाची तिकिटं बघत होते लोक. वॉशिंग्टननं येऊन ४५-३१ नं हरवलं तेव्हा जो सन्नाटा पसरला तो २००८ च्या थँक्सगिव्हिंगला नव्हता. त्या संध्याकाळी कुणाला टर्की कापता आली नसती. मला विचाराल तर मला तो पंधरा-दोनचा हंगाम फारसा आठवत नाही. भोगीचा रविवार आठवतो, दुपारी चार ते रात्री आठ, मिनिटामिनिटानं.

घरी येऊन जेवलो. बायको उद्यासाठी तिळाचा पाक करत होती आणि उद्या नेसायची काळी साडी खुर्चीवर टाकलेली. "हरले तर उद्या कुणाला तीळगूळ देताना तोंड वाकडं करायचं नाही," असा तिचा दम. बफेलोचा त्या दिवशीचा सामना बर्फामुळं सोमवारवर गेला होता, तेवढ्यावरून पोरगा मला सांगत होता की आपलं स्टेडियम झाकलेलं आहे ते किती बरं. रस्त्यावर एक गाडी नव्हती. समोरच्या घरातल्यांनी दिव्यांच्या माळा नाताळानंतर उतरवल्या नव्हत्या, फक्त सगळे दिवे निळे करून टाकले होते.

सामन्याआधी स्टॅफर्ड सरावाला मैदानात आला आणि सगळं स्टेडियम त्याच्यावर ओरडलं. बारा वर्षं ज्याच्या नावाचे शर्ट घातले त्याच्यावर. नंतर गॉफच्या नावाचा गजर सुरू झाला, त्या टाकून दिलेल्या पोराच्या नावाचा. मी सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलो, कारण मिनेसोटाला हरवून गट जिंकला त्या दिवशी तिथं बसलो होतो. पोरानं उजवं टोक धरलं. टीव्हीचा आवाज मी बंद केला नाही, पण कमी केला.

सामना २४-२३ असा सुटला. लापोर्टा गुडघ्याला पट्टा बांधून खेळला आणि त्यानं एक टचडाउन केला. रुमालाचा तमाशा झाला नाही.

रात्री सव्वाअकरा वाजून गेल्यावर आईला फोन लावला. तिकडं सोमवार उजाडून पावणेदहा झालेले, ती सुगडं मांडत होती.

"जिंकली," मी म्हणालो. "एका गुणानं."

"कुणाला हरवलं?"

"लॉस एंजेलिसला."

"ती कुठली पेठ?"

मोठी आहे म्हणालो, समुद्राकाठची, पिक्चरवाल्यांची.

"मग बरं झालं," आई म्हणाली, आणि फोन सुगडांना टेकवून हळदकुंकवाची कुयरी आणायला उठली. खिडकीतून पाहिलं तर आबांच्या तळघरातला दिवा चालूच होता. पुढची मॅच पुढच्या रविवारी होती, इथंच, डेट्रॉइटमध्ये.